विंचवाचं बिऱ्हाड

दिवाळी सरली की पारनेर तालुक्यात ढवळपुरीच्या बाजूची धनगरांची बिऱ्हाडं हलायला लागतात. पुढे मेंढरं आणि पुरुष, मागे घोडी आणि बाया. घोड्याच्या पाठीवर अख्खा संसार असतो: पालाचं कापड, मेंढ्या कोंडायची वाघूर, घोंगड्या, पीठमीठ, भांडी, वर बांधलेल्या कोंबड्या, चालता न येणारी कोकरं आणि कधी त्यांच्या शेजारी घरातलं लहान मूल. माळशेज घाट उतरून ही बिऱ्हाडं कल्याण, भिवंडी, वाड्याकडे जातात. तिकडे भात कापून शेतं मोकळी झालेली असतात. शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतो, त्याला लेंडीखत मिळतं. धनगराला त्याबद्दल धान्य किंवा पैसे मिळतात. कोकणचा पाऊस अंगावर यायच्या आत सगळे पुन्हा घाट चढतात, कारण त्या पावसात आणि चिखलात दख्खनी मेंढी टिकत नाही.

राळेगणसिद्धी याच तालुक्यातलं. माझा ट्रेलर तिथे थोरल्या बहिणीच्या वस्तीवर, लिंबाखाली उभा असतो. पहिल्यांदा तो कारला जोडून मी एकटीच कोकणात निघाले तेव्हा बहीण म्हणाली, "अगं, हे काय धनगरासारखं बिऱ्हाड घेऊन चाललीस?" तिने ते काळजीपोटी म्हटलं होतं. मला मात्र त्या वाक्यात या प्रकरणाचा सगळा विषय सापडला. मागे घर जोडून समुद्राकडे जाणं हे परदेशातून आलेलं खूळ आहे असं आपल्याला वाटतं. पण आपल्याच तालुक्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आली आहेत. काय न्यायचं, कुठे उतरायचं, कुणाला विचारायचं आणि कधी परतायचं याचे त्यांचे नियम ट्रेलरवाल्याला जसेच्या तसे लागू पडतात.

हौसेसाठी बांधलेल्या पहिल्या चाकांवरच्या घराची गोष्ट १८८५ सालची आहे. ब्रिटिश आरमारातले निवृत्त डॉक्टर विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी ब्रिस्टलच्या कारखान्यात 'वाँडरर' नावाची गाडी बांधून घेतली आणि दोन घोडे जुंपून ते इंग्लंडमधून थेट स्कॉटलंडच्या उत्तरेपर्यंत गेले. पण ते एकटे नव्हते. बरोबर गाडीवान होता, आणि समोरून येणाऱ्यांना सावध करायला एक नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जायचा. मोटारी आल्यावर घोडे गेले, १९३०च्या दशकात अमेरिकेत अश्रूच्या थेंबाच्या आकाराचे दोन माणसं झोपतील एवढे ट्रेलर निघाले, आणि एकट्या माणसाला हा प्रवास जमू लागला. माझा ट्रेलर त्याच जातीचा: आत एक गादी, मागचं झाकण उचललं की ओटा.

आपल्याकडे लोक पहिल्यांदा विचारतात, "हे चालतं का कायद्यात?" चालतं. मोटार वाहन कायदा, १९८८ ट्रेलरला वाहनच मानतो, म्हणजे त्याची स्वतंत्र नोंदणी लागते. केंद्र सरकारच्या २००४च्या अधिसूचनेत खासगी वापराची कॅम्पर व्हॅन किंवा ट्रेलर बिगर-वाहतूक वाहनांच्या यादीत आहे. ट्रेलरच्या पाठीवर ओढणाऱ्या गाडीचा नंबरही दिसला पाहिजे. उसाच्या ट्रॉलीमागे ट्रॅक्टरचा नंबर रंगवलेला असतो तो याचसाठी. २०२१मध्ये महाराष्ट्राने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या गाड्यांबरोबर ओढायच्या ट्रेलरचाही विचार आहे. वेल्डिंगच्या दुकानात सांगाडा ठोकून घ्यायचा आणि रस्त्यावर आणायचा, हा मार्ग मात्र मी कुणालाच सुचवणार नाही. गाड्या तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी व्हीआरडीई आपल्या नगरच्याच वाहननगरला आहे आणि एआरएआय पुण्यात. तपासून मंजूर झालेला नमुना घ्या, कागद आधी पूर्ण करा.

आता खरी विद्या. ती मला एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने एका शब्दात सांगितली: उलाळ.

बैलगाडीत ओझं मागे जास्त झालं की जू वर उचललं जातं, बैलांच्या गळ्यातल्या जोत्यांना ओढ बसते आणि गाडी मागच्या मागे बसते. ही गाडी उलाळ झाली. ओझं फार पुढे गेलं तर बैलाच्या मानेवर येतं, खांदे सोलवटतात. म्हणून गाडीवान पोती रचताना आखाच्या थोडं पुढे वजन ठेवतो, आणि मग जू हाताने उचलून बघतो. ट्रेलरचं गणित यापेक्षा वेगळं नाही. ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहावा हिस्सा, फार तर पंधरा टक्के, कारच्या हुकावर आला पाहिजे. ५०० किलोचा ट्रेलर असेल तर हुकावर ५० किलोच्या वर थोडं. आमच्याकडे कांद्याच्या गाड्या मोजायचे वजनकाटे जागोजाग आहेत. भरलेला ट्रेलर त्यावर एकदा मोजून घ्यावा. हुकाला जोडायच्या दांडीचं वजन घरच्या साध्या काट्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून कळतं.

बैलगाडी उलाळ झाली तर बैल थांबतात. ताशी ८० किलोमीटरवर ट्रेलर उलाळ झाला तर तो शेपटासारखा हलायला लागतो. एखादा ट्रक शेजारून जातो, वाऱ्याचा झोत बसतो, ट्रेलर डावीकडे झुकतो, मग उजवीकडे, आणि दर झोक्यागणिक तो वाढत जातो. अशा वेळी हात आपोआप स्टिअरिंग उलटं फिरवतात आणि पाय ब्रेककडे जातो. दोन्ही घातक. स्टिअरिंग सरळ धरायचं, ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा आणि गाडीला आपणहून मंद होऊ द्यायचं. मग बाजूला थांबून सामान पुढे सरकवायचं. शिक्रापूरच्या अलीकडे हे माझ्या बाबतीत घडलं होतं. आदल्या रात्री आयत्या वेळी पाण्याचे दोन कॅन मी मागच्या ओट्याखाली ठेवले होते, वीस-वीस लिटरचे. तेवढे ४० किलो पुरले. ते उचलून आखाच्या पुढे तळाशी ठेवले आणि त्यानंतर ट्रेलर कोकणात पोहोचेपर्यंत हलला नाही.

मागे घेणं ही दुसरी परीक्षा. ट्रेलर जितका छोटा तितका तो मागे घ्यायला अवघड, कारण तो पटकन वळतो आणि कारशी काटकोन करून अडतो. हे शिकायला शहरातल्या ड्रायव्हिंग स्कूलचा उपयोग नाही. ट्रॅक्टर चालवणाऱ्या पोराकडे जा. राळेगणच्या एका मोकळ्या खळ्यावर मला सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने शिकवलं, तोंडी, स्वतः स्टिअरिंगला हात न लावता. "मावशी, हात खाली धरा, चाकाच्या बुडाला. ट्रॉली जिकडं न्यायची तिकडं हात न्या. आणि बोटभरच." स्टिअरिंग वरून धरलं की सगळं उलटं होतं, खालून धरलं की हात आणि ट्रेलर एकाच दिशेला जातात. दोन संध्याकाळी लागल्या. हे न शिकता किनाऱ्याला जाऊ नये, त्याचं कारण पुढे जेटीवर येईल.

पाण्याचं शिक्षण राळेगणसारख्या गावात वेगळं घ्यावं लागत नाही. या गावात वर्षाला साधारण ४०० ते ५०० मिलिमीटर पाऊस पडतो. कोकणात त्याच्या पाच-सहा पट पडतो. १९७५मध्ये लष्करातली नोकरी संपवून अण्णा हजारे गावी परतले आणि यादवबाबांच्या मंदिराच्या जीर्णोद्धारापासून कामाला सुरुवात झाली. पुढे नालाबांध, पाझर तलाव, समतल चर अशी पाणी अडवायची कामं गावाने श्रमदानातून केली. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी पाळली. त्या कामाचं मर्म एवढंच की पाणी मोजायचं. पडलेलं, मुरलेलं, उपसलेलं, सगळं मोजायचं.

ट्रेलरमध्ये ही सवय जीव वाचवते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, म्हणून हवं तितकं नेता येत नाही. माझ्याकडे ४० लिटर असतं. एकट्या माणसाला पिण्याला तीन-चार लिटर, स्वयंपाकाला दोन, भांड्यांना दोन, हातपाय धुवायला दोन-तीन. आंघोळ मिळेल तिथे मागून करायची. म्हणजे ४० लिटर तीन दिवस सहज पुरतं, आणि चौथ्या दिवशी भरून घ्यायचं. भांडी धुण्याआधी कागदाने किंवा राखेने पुसून घेतली तर पाणी निम्मं लागतं. माझ्या आजीची रीत.

विजेचंही तसंच. १०० अँपिअर-तासांची १२ व्होल्टची साधी बॅटरी कागदावर १२०० वॉट-तास देते, पण ती निम्मीच वापरावी, नाहीतर लवकर मरते. उरतात ६००. छोटा पंखा रात्रभर चालून १६० खातो, दिवा आणि फोन मिळून पन्नासेक. छतावरचा १०० वॉटचा सौर पॅनल हिवाळ्यातल्या चांगल्या उन्हात दिवसाला ४०० भरून देतो. हिशेब बसतो. त्यात फ्रिज घातला की कोलमडतो. कोकणात फ्रिज कशाला हवा? भाजी दारात येते आणि मासे खाणाऱ्याला हर्णैच्या बंदरावर लिलाव उभा असतो. गॅस मात्र जपून: शेगडी बाहेर मागच्या ओट्यावरच पेटवायची, झोपताना सिलिंडरची कळ बंद, आणि थंडी कितीही असो, दोन्ही झरोके उघडे. बंद जागेत जळणाऱ्या ज्योतीतून होणारा कार्बन मोनॉक्साइड वास न येता मारतो.

राळेगणहून वाडेगव्हाणच्या फाट्याला हमरस्ता लागतो, पुणं साधारण ८५ किलोमीटर. पुढे मुळशीवरून ताम्हिणी घाटाने माणगावला उतरायचं. उतारावर गिअर खालचा ठेवायचा आणि इंजिनालाच गाडी अडवू द्यायची. मागचं ओझं ढकलत असतं, नुसत्या ब्रेकवर भिस्त ठेवली तर ते तापून निकामी होतात. मागे रांग लागली तर वळणावरच्या रुंद जागेत थांबून सगळ्यांना जाऊ द्यावं. पाच मिनिटं जातात, आणि कुणी आंधळ्या वळणावर आपल्याला ओलांडायला बघत नाही.

महाराष्ट्राच्या किनाऱ्याला समांतर जातो तो रेवस ते रेडी हा सागरी महामार्ग. नावाने महामार्ग असला तरी तो सलग नाही. कोकणच्या नद्या समुद्राला मिळताना रुंद खाड्या होतात आणि रस्ता प्रत्येक खाडीशी येऊन थांबतो. काही खाड्यांवर पूल आहेत, काहींवर व्हायचे आहेत. तोवर गाड्या नेणाऱ्या फेरीबोटी: आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. दाभोळची फेरी २००३मध्ये सुरू झाली तेव्हापासून दापोली आणि गुहागर हे तालुके खऱ्या अर्थाने शेजारी झाले. त्याआधी गाडीला चिपळूणचा वळसा होता.

ट्रेलरवाल्याचा कस या जेटींवर लागतो. भरतीला बोट वर असते, जेटीचा थोडाच उतार उघडा राहतो आणि बोटीची फळी जवळपास सपाट टेकते. ओहोटीला पाणी खाली जातं, उताराचा शेवाळलेला भाग उघडा पडतो आणि जिथे उतार संपून फळी सुरू होते तिथे खोल कोन होतो. कारची पुढची चाकं फळीवर चढतात, मागचं बूड खाली दबतं आणि दांडी दगडाला घासते. बोटीला एकाच टोकाला तोंड असेल तर चढताना किंवा उतरताना मागे यावंच लागतं. खळ्यावरच्या त्या दोन संध्याकाळींची किंमत इथे कळते. म्हणून माझा नियम असा की शक्यतो भरतीच्या आसपासची फेरी धरायची, आणि गाडी रांगेत लावण्याआधी पायी जाऊन बोटीवरच्या खलाशाला ट्रेलर दाखवायचा. "दादा, हे मागे आहे, कधी घालू?" असं विचारलं की तो जागा राखून ठेवतो आणि फळीवर उभा राहून हाताच्या खुणांनी आत घेतो.

भरती कधी, हे कोकणातला कोळी तिथीवरून सांगतो. तिथीला पाऊणने गुणायचं, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन: दुपारी तीनला आणि पहाटे तीनला पाणी पूर्ण चढलेलं. अष्टमीला सहा वाजता. अमावस्या-पौर्णिमेला बाराच्या सुमाराला, आणि त्या दिवसांत उधाण असल्याने पाणी सर्वांत वर चढतं आणि सर्वांत खाली जातं. ओहोटी त्यानंतर सव्वासहा तासांनी. चंद्रामुळे भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, आणि पंधरा तिथींमध्ये ती बारा तासांचं चक्र पुरं करते. पाऊण तासाचा हा आडाखा त्यातून आला. गावागणिक अर्धा-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून वेळापत्रक जवळ ठेवावंच. पण कालनिर्णय बघून मनातल्या मनात भरती काढता येते, यासारखं समाधान नाही. जसजसं दक्षिणेला जावं तसतशी भरतीची उंची कमी होते. मुंबईच्या उधाणाला चढतं तेवढं पाणी मालवणला चढत नाही.

याच हिशेबामुळे वाळूवर ट्रेलर न्यायचा नाही. ओहोटीला वाळू रस्त्यासारखी घट्ट दिसते, आणि सहा तासांनी तीच जागा पाण्याखाली असते. रुतलेली मोटार दोराने निघेल. ट्रेलरसकट रुतली तर आधी तो सोडवावा लागतो, आणि मऊ वाळूत ट्रेलर एकट्या माणसाने हलत नाही. दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. हिवाळ्यात वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं रात्री अंडी घालायला येतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२मध्ये वेळासला त्यांच्या संरक्षणाचं काम सुरू केलं आणि गावकऱ्यांनी ते आपलं मानलं. अंड्यातून निघालेली पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात, कारण त्यांच्या उपजत ज्ञानात रात्री सर्वांत उजळ दिसतो तो समुद्र. आपला दिवा त्यांना उलट्या दिशेला नेतो. किनाऱ्याजवळ असाल तर समुद्राकडचा पडदा ओढून घ्या आणि बाहेरचा दिवा लावूच नका.

मग झोपायचं कुठे? इथे पुन्हा ढवळपुरीचं बिऱ्हाड वाट दाखवतं. धनगर कुणाच्याही रानात न विचारता उतरत नाही. आधी माणूस पुढे जातो, मालकाशी बोलतो, मग मेंढरं येतात. मीही उजेड असताना, चार-साडेचारला गावात पोहोचते, आणि ट्रेलर रस्त्यावर ठेवून पायी जाऊन विचारते. बहुतेक गावांत पर्यटकांना खोल्या देणारं एखादं घर असतं. त्यांच्या वाडीत, माडांपासून थोडं दूर (पडणारा नारळ छप्पर फोडतो), एक रात्र ट्रेलर लावायचा, जेवण त्यांच्याकडे घ्यायचं, आंघोळीचं पाणी आणि संडास त्यांचा वापरायचा आणि त्याचे रीतसर पैसे द्यायचे. ट्रेलरमधून आलेलं सांडपाणी बाजूच्या माडाच्या आळ्यात, विचारून. कचरा परत आपल्याबरोबर.

एकट्या बाईला पहिला प्रश्न ठरलेला असतो: "एकट्याच आलात? घरचं कुणी नाही?" सुरुवातीला मला तो टोचायचा. आता मी सरळ सांगते: हो, एकटीच, बहिणीला राळेगणला रोज रात्री आठला फोन करते, आणि उद्या अमुक गावी जाणार आहे. हे उत्तर दोन कामं करतं. समोरच्याची काळजी मिटते आणि आपल्यावर कुणाचं तरी लक्ष आहे हेही त्याला कळतं. ज्या घरी विचारायला बाई पुढे येत नाही, तिथे मी थांबत नाही. गाडी नेहमी बाहेरच्या दिशेला तोंड करून आणि ट्रेलर जोडलेलाच ठेवते. रात्री मन खात असेल तर उठून निघून जाता आलं पाहिजे.

आपल्या जिल्ह्याला ज्यांचं नाव मिळालं त्या अहिल्याबाई होळकर जामखेड तालुक्यातल्या चौंडीत, धनगराच्या घरात १७२५मध्ये जन्मल्या. काशीपासून रामेश्वरापर्यंत त्यांनी घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या. वाटेवरच्या माणसाला काय लागतं हे त्यांना नेमकं ठाऊक होतं: पाणी, सावली आणि रात्रीपुरती निर्धास्त जागा. राज्याच्या कॅरॅव्हॅन धोरणाने जे तळ उभे राहतील त्यांच्याकडून माझी अपेक्षा एवढीच आहे. त्यात स्विमिंग पूल नको. एक नळ, एक स्वच्छ संडास, सांडपाण्याचा शोषखड्डा आणि रात्रभर जागा असणारा एक माणूस, प्रत्येक फेरीच्या जेटीजवळ, एकट्यादुकट्याला परवडेल अशा दरात.

आणि निघणाऱ्यांना एक विनंती. नोव्हेंबरात घाट उतरताना तुम्हाला मेंढरं भेटतील, मागे घोडी, घोड्यावर कोकरं आणि मूल. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, आणि शेवटचं मेंढरू पुढे जाईपर्यंत हॉर्न वाजवू नका.